पहिल्या रांगेतली मावशी

फॅशन शो बघायला बसायचं तर नीट कपडे करून बसायचं, असा माझ्या मावशीचा दंडक होता. शो कुठल्यातरी लांबच्या शहरात चाललेला, आम्ही आमच्या बैठकीच्या खोलीत, आणि मधे टीव्ही. रॅम्पवर चालणाऱ्या त्या पोरींना आम्ही दिसण्याची सुतराम शक्यता नव्हती. पण हे मावशीला कोण सांगणार? "आपण पहिल्या रांगेत बसलोय," ती म्हणायची. "पहिल्या रांगेत गाऊन घालून कोण बसतं?" पहिली रांग म्हणजे आमचा तीन जणांचा सोफा. त्याची डावी बाजू खचली होती आणि ती कायम माझ्या वाट्याला यायची.

घरात आम्ही तिघी. आई, आईची धाकटी बहीण म्हणजे ही मावशी, आणि मी. मी लहान असताना बाबा गेले, तेव्हा मावशी एक सुटकेस आणि एक भलंमोठं लाकडी कपाट घेऊन आमच्याकडे राहायला आली. कपाट जिन्यात अडकलं. शेवटी आमचं दार बिजागऱ्यांसकट काढावं लागलं, तेव्हा ते आत आलं. आई अजून म्हणते, "आलं ते कपाट. बहीण त्याच्या सोबतीला आली." मावशीने लग्न केलं नाही. का नाही केलंस, असं कुणी विचारलं तर ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, "कपाटात जागा नव्हती."

लहानपणापासून सगळे तिला नखरू म्हणत. ती आईला ताई म्हणायची आणि मला भिंतबाई. त्याचं कारण असं, की मी रंगाच्या दुकानात काम करते. डबे उघडायचे, गिऱ्हाइकाला हवी ती छटा मिसळून द्यायची, झाकण ठोकून बसवायचं. त्यामुळे माझ्या प्रत्येक पँटवर कुणा ना कुणाच्या घराची भिंत लागलेली असते. मला त्याचं काही वाटत नाही. कपडे अंग झाकायला असतात, झाकलं की झालं, हे माझं मत मी घरात एकदाच मांडलं. मावशी माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी कुणाच्या मयताला टाळ्या वाजवल्या.

नखरू म्हटलं की लोकांना वाटायचं, उधळी बाई असणार. तसं अजिबात नव्हतं. मावशी वर्षानुवर्षं नवीन काही घ्यायची नाही. तिचं ते प्रसिद्ध कपाट उघडलं की पाहुण्या बायका हिरमुसायच्या. एवढ्या बोभाट्यानंतर आत मोजकेच कपडे! पण जे होते त्यांची बडदास्त जावयासारखी. बाहेरून आलं की कोट आधी मऊ ब्रशने वरून खाली झाडायचा, खिसे रिकामे करायचे, रुंद खांद्यांच्या हँगरवर टांगून खिडकीशी वारा खाऊ द्यायचा, आणि मगच कपाटात. मी एकदा घाईत तो तसाच आत कोंबला, तर म्हणाली, "तू दमून घरी आल्यावर तुला कुणी लगेच पेटीत घातलं तर चालेल?" एक कपडा लागोपाठ दोन दिवस घालायचा नाही, कारण त्याला विश्रांती लागते. लोकरीचे स्वेटर टांगायचे नाहीत, त्यांचे खांदे उतरतात. सुटीच्या दिवशी सगळं कपाट पलंगावर निघायचं आणि खिडकीच्या उजेडात एकेक शिवण तपासली जायची. कुठे कसर लागली का, कुठे टाका निघाला का, कुठलं काज विरलं का. त्या दिवशी मला तिच्या खोलीत फक्त हात धुऊन प्रवेश असायचा.

नोकरीलाही ती अशाच जागी होती. स्टेशनवर हरवलेल्या सामानाची एक खिडकी असते. लोक गाडीत विसरून गेलेल्या छत्र्या, एकेकटे हातमोजे, टोप्या, एकदा तर कुणाची कवळी, सगळं तिथे येऊन पडायचं आणि मावशी त्यावर चिठ्ठी लावून फळीवर ठेवायची. ठेवायची म्हणजे नुसतं ठेवायची नाही. कोटाचं बटण लोंबत असेल तर शिवायची, बाही उसवली असेल तर टाके घालायची. एक गृहस्थ खिडकीशी हुज्जत घालत बसले होते की हा कोट माझा नाही, माझ्या कोटाचा खिसा फाटलेला होता. मावशी त्यांना सांगून थकली. शेवटी ते फाटक्या खिशाचा कोट शोधत निघून गेले आणि मावशीने खिसा शिवलेला त्यांचा कोट फळीवरच राहिला.

तिचा हिरवा कोट त्याच फळीवरून आला. वर्ष उलटून गेलं तरी मालक आला नाही की तिथलं सामान लिलावात निघतं. गर्द हिरवी लोकर, आत मरून रंगाचं अस्तर. मावशीने तो बोली लावून घेतला आणि घरी येऊन घालून बघितला, तर बटणंच लागेनात. तेव्हा ती अंगापिंडाने चांगली भरलेली होती. आई म्हणाली, "घे, आता भिंतीवर टांग आणि बघत बस."  मावशीने अस्तराची कड उसवली आणि आत बोटं घातली. मग तिच्या तोंडावर जे हसू आलं ते मला अजून आठवतं. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. त्या कोटात दोन्ही अंगांना ती भरपूर होती. आईने जुन्या शिवणी उसवून कोट सैल करून दिला आणि तो मावशीला असा बसला, की जणू जन्मल्यापासून तिच्याच अंगावर होता.

"ज्याने शिवला त्याला मी कुठे माहीत होते, ताई?" ती पुन्हा पुन्हा म्हणायची. "तरी ठेवलं की नाही त्याने कापड?"

तेव्हापासून घरात नियम झाला. कपडा कमी करायचा तर शिवण आत घ्यायची, पण कापड कापायचं नाही. माणूस बारीक होतं, पुन्हा भरतं. आत कापड असलं की कपडा आपल्याबरोबर राहतो. आईला हा नियम मंजूर नव्हता. ती कपडे कमीजास्त करून देण्याच्या दुकानात मशीनवर बसते, तिला आतून स्वच्छ काम लागतं. पण बहिणीच्या कपड्यांपुरती ती गप्प बसायची.

शोचं वेड मात्र मावशीचं एकटीचं. हंगाम बदलला की शो लागायचे आणि आमच्याकडे पहिली रांग भरायची. मला निदान रंग न लागलेली पँट घालावी लागायची, आई नाइलाजाने केस विंचरायची. मावशी मधोमध, पाठ ताठ, हात मांडीवर. आणि तिची टीका अखंड चालू. "ही बघ, चालतेय की भांडायला निघालीय?" "हा खांदा छान काढलाय. ताई, बघितलास खांदा?" "अरे, हिला कुणी पडदा गुंडाळलाय का? घरी खिडकी उघडी पडली असेल बिचारीची." हसून हसून आमची पोटं दुखायची. शेवटी तिची लाडकी डिझायनर बाहेर यायची. पिकल्या केसांची ठेंगणी बाई, साधा काळा सदरा घातलेली. पडद्याआडून यायची, हात हलवला न हलवला की परत पळायची. त्या क्षणी मावशी टाळ्या वाजवायची. रोज टीव्हीवर माणसं दिसतात, त्यांना कुणी टाळ्या वाजवत नाही, पण हिला मावशीच्या टाळ्या ठरलेल्या.

आणि मग खरी मजा सुरू व्हायची. दर शोमधून ती एकच गोष्ट उचलायची. दुमडलेली बाही, कोटावरून बांधलेला पट्टा, सदऱ्याची वरून दुसरी गुंडी उघडी. एवढंच घेऊन ती कपाटापाशी जायची आणि आहे त्या कपड्यांतून ते जमवायची. दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या खिडकीत ती अशी बसलेली असायची की सामान न हरवलेली माणसंही चौकशीला येत. सगळं तेच, जुनंच, आणि तरी नवं. मला हे कधी जमलं नाही. पण ते बघायला मला आवडायचं, हे मी तिच्यासमोर कधी कबूल केलं नाही इतकंच.

मग तिचं अंग उतरायला लागलं.

आधी आम्हाला बरंच वाटलं. मग जेवण कमी झालं, मग जे जेवायची तेही अंगी लागेना. डॉक्टरीणबाई चांगली होती. तपासण्या करायची, धीराने बोलायची, मावशीच्या कोटाचं कौतुक करायची. पण चांगली असून उपयोग नव्हता. आतडं अन्न घेतच नाहीये, असं तिने आम्हाला समजावून सांगितलं. औषध बदलून बघू म्हणाली. मग पुन्हा बदलून बघू म्हणाली. मग नुसतं बघू म्हणायला लागली. आम्ही मऊ भात केला, सूप केलं, फळांचे रस केले. मावशी दोन घास घ्यायची, छान झालंय म्हणायची आणि ताट सरकवायची. स्वयंपाकघरात आई त्या ताटाकडे बघत उभी राहायची. काय करावं ते आम्हा दोघींनाही कळत नव्हतं, आणि जे कळत होतं ते करण्यासारखं नव्हतं.

मावशीला कपड्यांची काळजी. नोकरीवर जाणं सुटलं होतं, तरी रोज सकाळी ती नीट कपडे करून खिडकीशी बसायची. स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला तेव्हा तिने आईला हाक मारली. "ताई, जरा आत घे. पण कापू नकोस हं. बरी झाले की शिवण सोडायचीय."

आई टेप घेऊन आली. टेप कमरेला लागली की सगळं जग पोट आत ओढतं. मावशी पोट फुगवायची. उसनी हवा भरून गाल फुगवून उभी राहायची, म्हणजे माप मोठं यावं.

"श्वास सोड," आई म्हणायची.

"सोडलाय."

"नखरू, खोटं माप देऊ नकोस. कपडा खोटा बसतो."

मग ती श्वास सोडायची आणि टेप आईच्या हातात आणखी आत जायची. आई ते माप मोठ्याने सांगायची नाही. मनात ठेवायची, मशीनवर बसायची आणि शिवण आत घ्यायची. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. स्कर्ट, सदरे, करडा कोट, मग हिरवा कोट. शिवणीला शिवण लागून आत कापडाचे थर जमत गेले. कपडे बाहेरून झकास दिसायचे, अगदी अंगाबरोबर. पाहुण्या म्हणायच्या, "अगंबाई, किती छान दिसतेस!" आणि खरंच दिसायची. आत मात्र कमरेला, काखेत, छातीच्या बाजूंना जाडजूड वळ्या झाल्या होत्या. आणि आता तिच्या हाडांवर मांसच नव्हतं की त्या वळ्या सोसाव्यात.

तिला आंघोळ घालायचं काम माझ्याकडे होतं. पाठीवर, बरगड्यांवर लाल वळ उठलेले दिसायचे. मी विचारलं, "टोचतं ना गं हे?"

"नाही. आधार वाटतो."

"मावशी, गाऊन घाल ना. सैलसर. घरात कोण बघतंय?"

"मी बघतेय."

एकदा तर मी बाजारातून लहान मापाचा मऊ सदरा घेऊन आले. मी, भिंतबाई, कपड्याच्या दुकानात गेले! तिने तो हातात घेतला, कड उलटून शिवण बघितली, कापडाचं कौतुक केलं आणि घडी घालून मला परत दिला. "हा घेतला तर हेच माझं माप होऊन बसेल," ती म्हणाली. मला तिचा राग आला. इतका राग आला की मी दुसऱ्या खोलीत जाऊन भिंतीला लाथ मारली. राग तिचा नव्हताच, पण ज्याचा होता त्याला लाथ मारता येत नव्हती.

आई आणि मी यावर बोलायचो ते नळ सोडून, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. मी म्हणायचे, काप ना ते आतलं, तिला त्रास होतोय. आई म्हणायची, कापलं तर ती काय समजेल? मी म्हणायचे, तिला कळेल कशाला? आई म्हणायची, ज्या बाईला अनोळखी कोटाच्या अस्तराखाली हात घालून कापड सापडलं होतं, तिला कळणार नाही? मग आम्ही नळ बंद करायचो. पुढच्या वेळी हेच बोलणं पुन्हा.

हंगाम बदलला आणि शोचा दिवस आला. या वेळी तो दुपारी होता. मावशीने आठवडाभर आधीपासून ठरवलं होतं, हिरवा कोट. त्याला खिडकीशी वारा देऊन झाला, ब्रश मारायला तिच्या हातात जोर नव्हता म्हणून मला मारायला लावलं आणि माझी चूक काढून झाली. "खालून वर नाही गं, वरून खाली. मांजरीला कुरवाळतात तसं." मी दुकानातून अर्धी रजा काढली. घरी आले तेव्हा मावशी आत झोपली होती आणि आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. तिच्या हातात काही नव्हतं. आईचे हात रिकामे असणं हेच मुळात चमत्कारिक.

"कापलं मी," ती म्हणाली.

"काय?"

"कोटाचं आतलं. बाकीचे नाही, फक्त कोट. आज दुपारभर तो घालून बसणार ती. काल तिच्या काखेत रक्त आलेलं बघितलं मी. रक्त, अगं. माझ्या शिवणीने." आई ओट्यापासून दूर झाली. "अस्तर पुन्हा लावलंय. जुन्याच भोकांतून टाके घातलेत. बाहेरून कुणाच्या बापाला कळायचं नाही."

दाराच्या मागे तिच्या दुकानाची कापडी पिशवी टांगलेली होती. त्यातून हिरव्या लोकरीची एक पट्टी बाहेर आली होती. मी ती आत ढकलली. आईवर रागवावं असं काहीच नव्हतं. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, फक्त माझे टाके इतके सरळ आले नसते.

मावशी उठली. तोंड धुतलं, केस बसवले. मी कोट धरला, तिने हात घातले. पूर्वी काखेपाशी ती जराशी थांबायची, ओठ घट्ट मिटायची, मग दुसरा हात घालायची. आज थांबली नाही. कोट अलगद खांद्यांवर बसला.

"आज हलका वाटतोय," ती म्हणाली.

आई टीव्हीच्या वायरशी काहीतरी उगाचच चाळा करत होती. मी म्हणाले, "ब्रश नीट मारलाय ना मी. धूळ गेली."

"शिकतेयस," मावशी म्हणाली आणि मला बरं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं.

पहिली रांग बसली. मी खचलेल्या बाजूला, मावशी मधे दोन उशा पाठीशी घेऊन, आई पलीकडे अगदी काठावर. शो सुरू झाला. मावशीचा आवाज बारीक झाला होता, पण जीभ तीच. पहिल्या मुलीला बघून म्हणाली, "हिला म्हणावं, दोन घास खा. माझ्यासारखी दिसतेस." मी हसले. हसल्याशिवाय इलाज नव्हता, ती माझ्याकडे बघत होती. मग एक पिवळा झगा आला तो तिला आवडला नाही, एक पँट आली ती आवडली. तिच्या गालावर किंचित रंग चढला. गेल्या कित्येक दिवसांत ती इतकी जिवंत दिसली नव्हती. आईचे खांदे जरा खाली आले. मला वाटलं, निभावलं.

मग कोट आले. पहिला आला तेव्हा मला वाटलं, पोरीने घाईत उलटा घातलाय. दुसराही तसाच. तिसराही. सगळ्या शिवणी बाहेर, आतलं सगळं दुमडलेलं कापड बाहेर, बाजूंनी पंखांसारखं उभं. चालताना ते हलत होतं.

"आमच्या दुकानात असं शिवून दिलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल," आई म्हणाली. किती वेळाने बोलली होती ती.

"ताई, गप्प!" मावशी पुढे सरकली, उशा मागे पडल्या. "अगं, आतलं बाहेर काढलंय त्या बाईने! जे लपवायचं तेच दाखवलंय. बघ ना. आणि हे तर आपल्याकडे हवं तेवढं आहे! हेच उचलायचं या वेळी. ताई, माझा कोट आपण असाच उलटा..."

बोलता बोलता तिचा उजवा हात कोटाच्या आत गेला होता. डाव्या काखेपासून बोटं अस्तरावरून खाली सरकली. अर्ध्यावर थांबली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली, या वेळी सावकाश. मग तिने हात बदलला आणि दुसरी बाजू चाचपली. टीव्हीवर त्या पोरी येत होत्या, जात होत्या, संगीत धाडधाड वाजत होतं. आई समोर बघत होती, पण तिला काही दिसत नसणार.  असं करून बसलो होतो आम्ही, की आता कुणी काही बोललं तरी वाईट आणि नाही बोललं तरी वाईट.

मावशीने हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. कोटाची पुढची बाजू सारखी केली.

"छान बसलाय," ती म्हणाली.

त्यानंतर ती शो संपेपर्यंत बघत राहिली. टीका केली नाही. शेवटी पिकल्या केसांची ती बाई बाहेर आली, हात हलवला न हलवला आणि पळाली. मावशीने टाळ्या वाजवल्या. नेहमीसारख्याच वाजवल्या, पण त्यांचा आवाज आला नाही.

मी टीव्ही बंद केला. आई उठली, जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात गेली आणि पिशवी घेऊन आली. ती तिने मावशीच्या पायाशी उपडी केली. हिरव्या पट्ट्या, लांबच लांब. आई जमिनीवर बसून त्या जुळवायला लागली, ही डाव्या बाजूची, ही उजवी, ही काखेची.

"मी जोडते. आत्ता जोडते. लोकर आहे, रफू करते, रेघसुद्धा दिसणार नाही. नखरू, तुला टोचत होतं गं. रक्त येत होतं. मी दुसऱ्या कशासाठी नाही... तू बरी होणार नाहीस असं मला... मी तसं मनातसुद्धा..."

"ताई."

"तासाभरात होईल."

"ताई, ऐक ना." मावशीने वाकून एक पट्टी उचलली. नखाने तिची घडी मोडली, कड डोळ्यांजवळ नेली. "किती सरळ कापलंस. एक दोरा निघाला नाही."

आई रडायला लागली. माझ्या आईला मी बाबा गेले तेव्हा रडताना बघितलं होतं, त्यानंतर आत्ता. मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. धाकटीने थोरलीच्या डोक्यावर हात ठेवलेला बघवत नव्हता, पण मी बघितलं.

"टोचतच होतं," मावशी म्हणाली. "बरं केलंस. वाईट एवढंच वाटतं की हा कोट मी भिंतबाईसाठी मनात धरला होता. आता हिच्या एका दंडालासुद्धा व्हायचा नाही."

 

"बाकीचे कापू नकोस," ती आईला सांगत होती. आवाज असा, की जणू दुकानातून काय आणायचं ते सांगतेय. "स्कर्ट नको, सदरे नको. तो करडा कोट तर अजिबात नको. टोचले तर टोचू देत, मी घालीन थोडे थोडे. हिच्या मापाला सोडावे लागतील ना सगळे. हिचे खांदे बघ, डबे उचलून उचलून कसे झालेत."

"मला नकोत," मी ओरडले. ओरडायचं नव्हतं, पण तसाच आवाज आला. "मी काय करू तुझ्या कपड्यांचं? मला ब्रशसुद्धा नीट मारता येत नाही. मी रंग सांडेन त्यांच्यावर. तूच घाल ते. तूच बरी हो आणि सोडून घे."

मावशीने माझं सगळं ऐकून घेतलं. पूर्वी मी काही मूर्खासारखं बोलले की ती डोळे फिरवायची. या वेळी नाही फिरवले.

"रंग ओला असतानाच पुसायचा," ती म्हणाली. "चोळायचा नाही, टिपायचा. उठ आता. ताई, टेप आण. माझ्यासमोर हिचं माप घे, नाहीतर ही पुढे टाळत राहील."

आई डोळे पुसत उठली आणि टेप घेऊन आली. मी सोफ्यासमोर उभी राहिले, जिथे थोड्या वेळापूर्वी त्या पोरी चालत होत्या. पायाखाली हिरव्या पट्ट्या होत्या, त्या मी पावलाने बाजूला केल्या नाहीत. आईने टेप माझ्या खांद्यांवरून घेतली, मग छातीवरून, मग कमरेला लावली.  मी छातीत हवा कोंडून ताठ उभी होते.

"भिंतबाई, श्वास सोड," पहिल्या रांगेतून मावशी म्हणाली. "खोटं माप देऊ नकोस. कपडा खोटा बसतो."

श्वास सोडला असता तर मी तिच्यासमोर रडले असते. म्हणून मी तशीच उभी राहिले, आणि आई टेप धरून थांबली.